खमंग काकडी करायचीय? मग आधी पाण्याचा बंदोबस्त करा

उन्हाळ्यात दुपारी जेवायला बसलं की भाजी एखादवेळ नसली तरी चालते, पण ताटात डावीकडे काहीतरी गार, कच्चं, करकरीत हवंच असतं आणि त्यात खमंग काकडीला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, वरून तूप-जिऱ्याची फोडणी, लिंबू, बास. कूट घरात तयार असेल तर पंधरा मिनिटांत होते, गॅस जेमतेम दोन मिनिटं लागतो, उपासाला चालते, नैवेद्याला चालते, वरण-भाताबरोबर चालते, मसालेभाताबरोबर तर पाहिजेच. आणि एवढी सोपी असूनही बहुतेक ठिकाणी ती ताटात येते तेव्हा तिच्याखाली पाणी साठलेलं असतं, ते वाहत वाहत चटणीत जातं, मग पुरी ओली होते, आणि काकडी स्वतः मऊ पडून नुसती लिंबू-मिठाची चव लागते. हे टाळता येतं, अगदी सहज टाळता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मुळात काकडीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते तिच्या पेशींमध्ये भरून असतं म्हणून ती चावताना करकर वाजते. आता बाहेरून मीठ लागलं की ते पाणी बाहेर ओढलं जायला लागतं, दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी दिसतं सुद्धा. मीठ काय करतं हे सगळ्यांना माहिती असतं, पण साखरही तेच करते हे बऱ्याच जणी विसरतात, आणि "मीठ नंतर घालू पण साखर-लिंबू आत्ता घालून ठेवते" असं म्हणून मोकळ्या होतात. नको. मीठ, साखर, लिंबू तिन्ही शेवटी, पानं वाढायच्या वेळी. हा एक नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम काकडी कशी बारीक करता त्यात आहे.

चार माणसांना दोन मध्यम काकड्या घ्या, साधारण 300 ते 350 ग्रॅम. दाण्याचं कूट चार टेबलस्पून, ओला खवलेला नारळ दोन टेबलस्पून, एक-दोन हिरव्या मिरच्या (तिखटपणा बघून), मूठभर कोथिंबीर, अर्धं लिंबू, अर्धा टीस्पून साखर, अर्धा टीस्पून मीठ. फोडणीला दोन टीस्पून साजूक तूप, अर्धा टीस्पून जिरं, चिमूटभर हिंग. मिठाचं माप मुद्दाम दिलंय कारण नैवेद्याचा स्वयंपाक असला की चाखून बघता येत नाही, तेव्हा अंदाज पक्का असलेला बरा.

काकडी घेताना बारीक ते मध्यम जाडीची, हाताला टणक लागणारी, उचलल्यावर वजनदार वाटणारी घ्यायची. पिवळट पडलेली, मधेच फुगलेली, टोकाला सुरकुतलेली घेऊ नका, ती आतून जून निघते आणि बिया दाताखाली येतात. बाजारात कोवळी गावठी काकडी मिळाली तर सोडू नका, तिची चव वेगळीच. मॉलमध्ये मिळणारी लांबलचक गर्द हिरवी इंग्लिश काकडीसुद्धा या पदार्थाला छान, बिया जवळपास नसतातच आणि कडू निघायची भीतीही कमी. कोकणात पावसाळ्यात मोठं तवसं येतं, त्याचीही होते पण त्याचं साल जाड काढायचं, मधला बियांचा गाभा चमच्याने खरवडून टाकायचा आणि नुसता बाहेरचा टणक गर वापरायचा. आणलेल्या काकड्या फ्रीजमध्ये अगदी थंड जागी, वरच्या कप्प्यात वगैरे ठेवू नका, काकडीला फार थंडी सोसत नाही, दोन-तीन दिवसांत बुळबुळीत होते आणि खड्डे पडतात. खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये कागदात गुंडाळून ठेवायची आणि तीन-चार दिवसांत संपवायची.

आता कडूपणा. टोक कापून ते गोल गोल चोळायचं, पांढरा फेस आला की कडूपणा गेला असं आपण सगळ्याच लहानपणापासून बघत आलोय. माझ्या मते खरं काम चोळण्याने होत नाही, कापण्याने होतं. काकडीतला कडू पदार्थ देठाकडच्या टोकाला आणि सालीच्या लगेच खाली जास्त असतो, त्यामुळे देठाकडून चांगलं बोटभर कापलं आणि साल काढलं की बहुतेक काकड्या ठीक होतात. वेलाला पाणी कमी पडलं, ऊन जास्त झालं की कडूपणा वाढतो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटीशेवटी जरा जास्तच लक्ष ठेवायचं. प्रत्येक काकडीचा एक तुकडा चाखायचाच, एक कडू काकडी अख्खं भांडं वाया घालवते. नैवेद्याचं असेल तर आमच्याकडे ते कापून टाकायचं टोकच कोणीतरी चाखतं, ते काही देवापुढे जाणार नसतं. आणि आतपर्यंत कडूजहर लागली तर सरळ टाकून द्या, साखर घालून वगैरे सुधारायला जाऊ नका, इतकी कडू काकडी पोटाला त्रास देते.

आता खरी गंमत, काकडी चोचवणे. कोणी कोचवणे म्हणतं. हे ज्यांनी आजी-आत्याच्या हातून बघितलंय त्यांना लगेच डोळ्यासमोर येईल, ज्यांनी नाही बघितलं त्यांच्यासाठी सांगते. साल काढलेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, खालचा अर्धा भाग मुठीत, वरचा अर्धा मोकळा. बोटं खाली, सुरीच्या वाटेत अजिबात नकोत. मग धारदार सुरीने वरच्या टोकावर हलके हलके उभे घाव घालायचे, टक टक टक टक, एकमेकांच्या जवळ जवळ, साधारण बोटाच्या पेराएवढे खोल. काकडी थोडी फिरवायची, परत तसेच आडवे घाव, म्हणजे वर बारीक चौकड्या तयार होतात. आता सुरी आडवी धरून वरचा थर पातळ कापला की ताटलीत बारीक बारीक तुकडे पडतात, सगळे एकसारखे नसतात, काही लांबट काही चौकोनी, आणि तीच मजा आहे. थर संपला की परत घाव, परत काप. हात बसला की एक काकडी दोन-तीन मिनिटांत होते. सुरीला धार मात्र पाहिजे, बोथट सुरीने काकडी कापली जात नाही, चेचली जाते, आणि चेचली की पाणी सुटलंच.

हातात धरून जमत नसेल तर जोर करू नका, बोट कापून घेण्यापेक्षा बोर्डवर करा. काकडीचे उभे पातळ काप, त्याच्या काड्या, आणि मग आडवं बारीक चिरायचं, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे आले पाहिजेत. त्याहून मोठे नको, मोठे तुकडे कुटाबरोबर मिळून येत नाहीत, कूट एकीकडे आणि काकडी एकीकडे अशी अवस्था होते.

किसणीवर किसू का? किसलेली काकडीही लोक करतात आणि दह्यातल्या कोशिंबिरीला ती चालते, पण खमंग काकडीला मला नाही आवडत, कारण किसताना तिच्या खूप जास्त पेशी फुटतात आणि पाणी आधीच बाहेर येऊन बसतं, मग ते पिळावं लागतं आणि पिळल्यावर उरतो तो चोथा. दोरी ओढायच्या चॉपरमध्येही तेच होतं, तरी घाई असेल तर मोठे तुकडे टाकून चार-पाच वेळाच ओढा आणि थांबा, एकसारखं बारीक करायच्या नादाला लागू नका. मिक्सर तर नकोच नको.

चोचवलेली काकडी चाळणीत पाच-दहा मिनिटं नुसती ठेवायची, कापताना जे पाणी सुटलंय ते आपोआप निथळतं. हाताने हलकं दाबलं तर चालेल, पिळायचं मात्र नाही. काही जणी मीठ लावून ठेवतात आणि मग घट्ट पिळतात, त्याने नंतर पाणी सुटत नाही हे खरंय, पण काकडीचा रसदारपणाही त्याच पाण्याबरोबर जातो आणि तुकडा चामट लागतो. निथळलेलं पाणी फेकू नका, ताकात घाला किंवा कणीक भिजवताना वापरा.

दाण्याच्या कुटाबद्दल थोडं जास्तच लिहिणार आहे कारण याचा खमंगपणा निम्म्याहून जास्त तिथून येतो. दाणे मंद आचेवर भाजायचे, जाड बुडाच्या किंवा लोखंडी कढईत, सतत हलवत, एका वाटीला आठ-दहा मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत बाहेरून काळे होतात आणि आतून कच्चेच राहतात, मग कूट पांढरट आणि कच्चट लागतं. साल तडकायला लागलं, बोटांत चोळल्यावर सुटलं, आणि दाणा फोडून बघितल्यावर आतून बदामी दिसला की गॅस बंद. मग पूर्ण गार होऊ द्यायचे. पूर्ण! कोमट दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो. गार झाल्यावर चोळून सालं पाखडून टाकायची आणि मिक्सर एकदम चालू न ठेवता थांबत थांबत फिरवायचा, भरड ठेवायचं, काही अर्धे-पाव दाणे राहिले तर उत्तमच. भरड कूट काकडीचं सुटलेलं पाणी शोषून घेतं आणि तरी मोकळं राहतं, पिठासारखं बारीक केलेलं कूट मात्र त्याच पाण्यात लगदा होतं. खलबत्त्यात कुटलंत तर फारच छान. कूट फ्रीजमध्ये बंद डब्यात दोनेक आठवडे टिकतं पण वापरायच्या आधी वास घ्या, जरा जरी खवट वाटलं तरी नवीन करा, या पदार्थात काहीच लपत नाही, सगळं कच्चं असतं.

खोबरं ओलंच हवं. नुसता पांढरा भाग खवलेला, काळी पाठ आली की चव आणि रंग दोन्ही बिघडतं. नारळ नसेल तर सुकं खोबरं घालण्यापेक्षा सरळ खोबऱ्याशिवाय करा आणि कूट एक चमचा वाढवा, देशावर बऱ्याच घरांत तशीच करतात.

आता एका पसरट भांड्यात निथळलेली काकडी, त्यावर कूट, त्यावर खोबरं आणि कोथिंबीर, पण कालवायचं नाही अजून. फोडणी करून घ्यायची. छोट्या कढल्यात तूप गरम करा, जिरं टाका, ते फुलून वास सुटला की हिंग, मग मिरचीचे तुकडे, मिरचीवर पांढरे डाग दिसले की उतरवा. कढीपत्त्याची चार पानं आवडत असतील तर घाला. मोहरी-हळदीची तेलाची फोडणी देणारीही घरं आहेत आणि ती कोशिंबीर वाईट नसते, पण हळदीने काकडीचा तो हिरवा-पांढरा रंग जातो आणि मोहरीची चव वर येते. माझ्यासाठी तूप-जिरंच. फोडणी गरम असतानाच कूट-खोबऱ्यावर ओतायची, चर्र आवाज आला पाहिजे, कूट ते तूप पिऊन घेतं आणि वास असा सुटतो की घरातले आपोआप स्वयंपाकघरात येतात. दोन चमचे गरम तुपाने काकडी काही शिजत नाही, त्याची काळजी नको.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. काकडी फ्रीजमधून काढल्या काढल्या वापरली तर तूप तिच्यावर पडताच थिजतं, पांढरे कण दिसायला लागतात आणि खाताना टाळूला चिकटतात. म्हणून काकडी करायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. गारच खायची हौस असेल, किंवा तुमच्याकडे कडाक्याची थंडी असेल, तर तुपाऐवजी शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी द्या, ते असं थिजत नाही.

झाकून ठेवून द्या. इथपर्यंतची तयारी तासभर आधी करून ठेवली तरी काही बिघडत नाही. पानं मांडली, भात वाढायला घेतला, की मीठ, साखर, लिंबू घालायचं आणि हाताने किंवा दोन चमच्यांनी खालून वर अलगद कालवायचं. लगेच वाढायची. चव घेतलीत तर आधी काकडीचा करकरीतपणा, मग दाण्याचा भाजका वास, मग मिरचीचा झटका आणि शेवटी गोडसर-आंबट असं लागलं पाहिजे. आंबट फार पुढे आलं असेल तर पुढच्या वेळी लिंबू कमी करा, मीठ वाढवून जुळवायला जाऊ नका.

उपासाला करताना हिंग, मोहरी, हळद काहीच नको. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते, त्यामुळे उपासाला हिंग न घालणंच बरं. कोथिंबिरीचं घराघरांत वेगळं असतं, काहींकडे चालते काहींकडे नाही, जिच्याकडे जेवायला जाताय तिला विचारा. आषाढी एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी असेल तर शेजारी ही काकडी हवीच, सगळंच मऊ मऊ आणि दाण्याचं असताना तोंडाला करकरीत काहीतरी पाहिजे. त्या दिवशी काकडीतलं कूट थोडं कमी करून खोबरं वाढवते मी.

पंचवीस-तीस माणसांचं कार्य असेल तर माणशी 70 ते 80 ग्रॅम काकडी धरा, म्हणजे पंचवीस जणांना दोन किलो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळीला एकदम मीठ लावणं. पहिल्या पंगतीला ठीक लागते, दुसऱ्या पंगतीला झाऱ्याने निथळून वाढायची वेळ येते. त्यापेक्षा काकडी, कूट, खोबरं तीन वेगळ्या भांड्यांत ठेवा आणि प्रत्येक पंगतीपुरतीच कालवा. फोडणी मोठी एकदाच करून ठेवली आणि वाढताना कोमट करून घातली तरी चालते. डब्यात न्यायची असेल तर तेच, फोडणी दिलेलं कूट-खोबरं छोट्या डबीत, काकडी मोठ्या डब्यात, मीठ-साखर कागदाच्या पुडीत आणि लिंबाची फोड वेगळी. ऑफिसात दोन मिनिटांत कालवून होते.

दह्यातली हवी असेल तर वेगळा हिशोब. दही घट्ट पाहिजे, पातळ असेल तर फडक्यात अर्धा तास टांगून ठेवा, पार चक्का नको, नुसतं वरचं पाणी जाऊ दे. कूट दोनच चमचे, लिंबू अर्थातच नाही, साखर जरा जास्त. इथे फोडणी मात्र थोडी निवू द्यायची, कडकडीत तूप दह्यावर ओतलं तर दही फुटल्यासारखं दिसतं. भिजवलेली मुगाची डाळ घालूनही फार सुंदर होते, डाळ दोन तास भिजवून पूर्ण निथळून घ्यायची, मग कूट नाही घातलं तरी चालतं, कारण पाणी सांभाळायला डाळ आहेच.

परदेशात असाल तर सुपरमार्केटमधली जाड सालीची काकडी असते तिच्यावर बऱ्याचदा मेणाचा थर असतो आणि आत बियांचा मोठा गाभा, तिचं साल आणि गाभा दोन्ही काढायचं. त्यापेक्षा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली इंग्लिश काकडी किंवा छोटी पर्शियन काकडी घ्या, पर्शियन तर सालासकट चोचवता येते. इंडियन स्टोअरमधलं फ्रोजन खोबरं पूर्ण वितळू द्या आणि पाणी दाबून काढा, नाहीतर सगळी मेहनत तिथेच वाया. भाजलेले दाणे तयार मिळतात पण पाकिटावर बघून बिनमिठाचेच घ्या, आणि घरी परत दोन मिनिटं कोरडे परतलेत तर वास जागा होतो. लिंबाच्या जागी हिरवं लाइम वापरा, पिवळ्या लेमनपेक्षा त्याची चव आपल्याकडच्या लिंबाच्या जवळची आहे.

उरली तर? कालवलेली काकडी रात्रीपर्यंत पाणी सोडणारच, तिला परत ताटात आणू नका. थालीपिठाच्या भाजणीत ती सगळीच्या सगळी पाण्यासकट घाला, वरून वेगळं पाणी लागलंच तर चमचाभर, कांदा नाही घातला तरी चालतो, आणि उपासाची असेल तर भिजवलेला साबुदाणा आणि उकडलेला बटाटा कुस्करून त्यात मिसळा आणि प्लास्टिकच्या कागदावर तुपाच्या हाताने थापा. मीठ आधीच आहे हे मात्र ध्यानात ठेवून घाला.